उत्सवाचे दार कोणी सांभाळायचे?

प्रश्न : मी एका सेवा क्लबची सचिव आहे. आमचे सभासद छत्तीस आहेत, पण प्रत्यक्ष कामाला येणारे नेहमीचेच दहा. आमच्याकडे दरवर्षी चार दिवसांचा मोठा सार्वजनिक उत्सव होतो आणि क्लब स्थापनेपासून त्यासाठी स्वयंसेवक देत आला आहे. उत्सव समितीचा निरोप दोन दिवस आधी येतो, ‘तीस माणसे पाठवा’ एवढाच. काम काय आहे, ते तिथे गेल्यावर कळते. गेल्या वर्षी आम्हाला मुख्य प्रवेशद्वार दिले. संध्याकाळी असा लोंढा आला की आमच्या दोन नव्या सभासद मुलींना कठड्याला रेटून उभे राहावे लागले, वर लोकांची बोलणीही खावी लागली. त्यातली एक त्यानंतर सभेला आलेली नाही. उत्सवाच्या तयारीत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचा आमचा शनिवारचा वाचन उपक्रम दोन महिने बंद पडला. शिवाय उत्सवातल्या आमच्या स्टॉलच्या उत्पन्नातून सभासदांची जॅकेटे आणि जेवणे झाली, त्यावरून वाद चालू आहे. तरुण सभासद म्हणतात, उत्सव सोडून द्या. ज्येष्ठ म्हणतात, क्लबला लोक ओळखतात ते उत्सवामुळेच. मी सभेपुढे काय मांडावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात निदान तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि सभेत ते एकत्रच मांडले गेल्यामुळे ‘उत्सव हवा की नको’ एवढाच वाद शिल्लक राहिला असावा, असे मला वाटते. म्हणून माझे मत आधी स्पष्ट सांगते. उत्सव सोडू नका. प्रवेशद्वार मात्र या वर्षीपासून सोडा आणि कितीही आग्रह झाला तरी ते पुन्हा स्वीकारू नका.

दाराबद्दल मी इतक्या ठामपणे का लिहीत आहे, ते नीट सांगायला हवे, कारण ज्येष्ठांना हा केवळ तरुण मुलींना झालेल्या मनस्तापाचा प्रश्न वाटण्याची शक्यता आहे. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे असतात तोवर प्रत्येकाला आपले पाऊल कुठे टाकायचे ते ठरवता येते. ही संख्या चार-पाचाच्या पुढे गेली की चालणे स्वतःच्या हाती राहत नाही, आणि सहा-सातावर पोहोचली की सगळा जमाव पाण्यासारखा हेलकावे खाऊ लागतो आणि मागून आलेले छोटे छोटे रेटे एकत्र होऊन पुढच्या रांगेवर असह्य दाब आणतात. अशा वेळी मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, आणि पुढच्यांना इच्छा असूनही मागे सरकता येत नाही. जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी ‘लव्ह परेड’ या संगीत महोत्सवात मैदानाकडे जाणाऱ्या उतारावर २१ जणांचा जीव गेला. तिथे आत जाणारे आणि बाहेर पडणारे लोक एकाच वाटेवर समोरासमोर आले होते. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका अरुंद, उताराच्या गल्लीत दीडशेहून अधिक माणसे, बहुतेक विशीतिशीतली, दगावली. गर्दीत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अशा दुर्घटनांतील बहुतेक मृत्यू छातीवर आलेल्या दाबामुळे श्वास घेता न आल्याने होतात, आणि कित्येक जण तर उभ्या जागीच गुदमरतात.

याचा तुमच्या क्लबशी थेट संबंध आहे. दारातून किती माणसे आत घ्यायची, कोणत्या क्षणी दार बंद करायचे, बंद केल्यावर बाहेरच्या गर्दीला कोणत्या वाटेने वळवायचे आणि आणीबाणीत कोणते कुंपण उघडायचे, हे निर्णय आधीच ठरलेले असावे लागतात, आणि ते घेणाऱ्याकडे अधिकार, संपर्काचे साधन व प्रशिक्षण ही तिन्ही असावी लागतात. पोलिसांकडे आणि प्रशिक्षित सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे ती असतात, किंवा निदान असायला हवीत. रंगीत जॅकेट घातलेल्या शिक्षिकेकडे किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्या दोघी मुली कठड्यापाशी उभ्या होत्या, ती गर्दीतली सर्वांत धोकादायक जागा होती, कारण मागचा सगळा रेटा शेवटी कठड्यावरच येऊन थांबतो. यापुढे तुमचा कोणीही सभासद स्वतःच्या अंगाने गर्दी अडवणार नाही, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. चारही बाजूंनी खांदे भिडू लागले आणि हात छातीपर्यंत उचलणे कठीण झाले, तर काम तिथेच सोडून कडेकडेने बाहेर पडायचे आणि पोलिसांना कळवायचे, याची सूचना प्रत्येकाला तोंडी व लेखी दोन्ही प्रकारे द्या. सार्वजनिक रस्त्यावरच्या वाहतुकीचेही तेच. मैदानाच्या आत वाहनांना जागा दाखवणे ठीक आहे, पण रस्त्यावर हात दाखवून गाड्या थांबवणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे.

जी मुलगी परत आली नाही, तिच्याकडे तुम्ही आणि अध्यक्षांनी एकत्र जावे, आणि पुढच्या सभेच्या आधी जावे. ‘पुन्हा या’ असा आग्रह करू नका. जे काम तिला द्यायलाच नको होते ते क्लबने दिले, एवढे मोकळेपणाने मान्य करा आणि यापुढे काय ठरवणार आहात ते तिला सांगा. तिच्याकडून त्या संध्याकाळची हकिगत ऐकून घ्या, कारण दारावर नेमके काय घडले ते क्लबमध्ये तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल आणि समितीला पत्र लिहिताना तुम्हाला त्याच माहितीची गरज पडणार आहे.

आता उत्सवात घ्यायचे कोणते काम? एकच काम घ्या, आणि ते असे घ्या की ज्याची जबाबदारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याकडे असेल. माझी शिफारस हरवलेल्या मुलांच्या व वृद्धांच्या मदत कक्षाची आहे. तुमचे सभासद परिसरातल्या लोकांच्या ओळखीचे आहेत, त्यात शिक्षक असतील, नातवंडे सांभाळलेले आजी-आजोबा असतील, आणि ज्यांना चार तास उभे राहणे जमत नाही त्यांनाही हे काम बसून करता येते. उत्सवात हरवलेल्या मुलाला धीर देणारे माणूस लागते, आणि असे माणूस सेवा क्लबमध्ये हमखास मिळते.

मात्र हा कक्ष म्हणजे दोन खुर्च्या आणि एक फलक नव्हे. मूल कक्षात आल्यापासून पालकांच्या स्वाधीन होईपर्यंत दोन स्वयंसेवक सतत त्याच्याजवळ हवेत. एकट्या स्वयंसेवकाच्या ताब्यात मूल कधीच द्यायचे नाही. ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव, वय किंवा कपड्यांचे वर्णन सांगायचे नाही, कारण ते ऐकून कोणीही येऊन ‘हा आमचाच’ असे म्हणू शकतो. ‘ज्यांचे मूल चुकले आहे त्यांनी मदत कक्षात यावे’ एवढीच घोषणा पुरे. जो घ्यायला येईल त्याने नाव, कपडे आणि एखादी खूण आधी सांगायची, मग मुलाला समोर आणायचे आणि मूल त्याला कसे ओळखते तेही पाहायचे. त्यानंतर ओळखपत्र पाहून, नोंदवहीत वेळ लिहून, सही घेऊन मुलाला सोपवायचे. थोडी जरी शंका आली किंवा ठरवलेल्या वेळेत कोणी आले नाही, तर निर्णय पोलिसांचा, तुमचा नाही. मुलाचे छायाचित्र काढून मोबाइलवरच्या गटांमध्ये फिरवण्याचा मोह चांगल्या हेतूनेही होतो, पण तो कटाक्षाने टाळा. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती आपण हरवलो आहोत असे म्हणेलच असे नाही. ‘मी घरीच निघालो आहे’ असे ती शांतपणे सांगेल. अशा व्यक्तीशी वाद न घालता तिला बसवावे, पाणी द्यावे आणि खिशात किंवा पिशवीत कोणाचा फोन नंबर आहे का ते तिला विचारून पाहावे.

हे काम दारापेक्षा मोठे आहे, आणि तरीही तुमच्या आवाक्यातले आहे. दोघे मुलाजवळ आणि एक जण नोंदवही व संपर्क सांभाळायला, म्हणजे एका वेळी तीन माणसे लागतात. संध्याकाळच्या दोन पाळ्या धरल्या तर दिवसाला सहा आणि चार दिवसांना चोवीस पाळ्या होतात. तुमच्या खात्रीच्या दहा सभासदांपैकी प्रत्येकाने दोन किंवा तीन पाळ्या घेतल्या की काम पूर्ण होते. तीस माणसांचा प्रश्नच उरत नाही. पाळी चार तासांहून मोठी ठेवू नका आणि कक्ष ध्वनिक्षेपकांपासून लांब मागून घ्या. शंभर डेसिबलच्या आवाजात सुमारे पंधरा मिनिटांनंतरच कानाला इजा होण्याचा धोका सुरू होतो, आणि मोठ्या ध्वनिक्षेपकासमोर ही पातळी सहज गाठली जाते. शिवाय तिथे घाबरलेल्या मुलाचे बोलणे कोणालाच ऐकू येणार नाही. प्रथमोपचाराचे काम मात्र प्रशिक्षण घेतलेले सभासद असल्याशिवाय या कक्षाला जोडू नका. रुग्णवाहिका कुठे उभी आहे आणि तिची वाट कोणती, हे प्रत्येकाला माहीत असले म्हणजे झाले.

काही ज्येष्ठांना हे काम क्लबच्या प्रतिष्ठेच्या मानाने फारच साधे वाटेल. त्यांना एक जुनी हकिगत सांगा. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये रोटरीची सुरुवात केली, आणि त्या पहिल्या क्लबने १९०७ च्या सुमारास शहरासाठी जे पहिले मोठे सार्वजनिक काम हाती घेतले, ते सार्वजनिक स्वच्छतागृहांचे होते. बाजारात आलेल्या माणसांना सोय नाही, ही तक्रार त्यांनी महत्त्वाची मानली आणि नगर प्रशासनाकडे तिचा पाठपुरावा केला. तुमच्या उत्सवातही पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे कुठे आहेत हे लोकांना कळत नसेल, तर मदत कक्षाबाहेर मोठ्या अक्षरांतला नकाशा लावा. एका सभासदाच्या एका दुपारचे काम आहे, आणि चार दिवसांत हजारो माणसांना त्याचा उपयोग होतो.

उत्सव समितीला पत्र उत्सवाच्या निदान दीड महिना आधी गेले पाहिजे. त्यात क्लब कोणते काम करील, किती वेळात करील, किती माणसे देईल आणि समितीकडून त्याला काय लागेल, हे स्पष्ट लिहा. छताखालची जागा, वीज, घोषणा करणाऱ्याशी थेट संपर्क, एका पोलीस अधिकाऱ्याचे नाव व फोन नंबर, आणि रात्री घरी परतणाऱ्या सभासदांची सोय, एवढे मागणे अवाजवी नाही. प्रवेशद्वाराचे काम क्लब यापुढे करणार नाही, हे वेगळ्या परिच्छेदात, कारणासह आणि कोणताही कडवटपणा न आणता लिहा, म्हणजे समितीला दुसरी व्यवस्था करायला वेळ मिळेल. गेल्या वर्षी दारावर काय घडले याची तीन-चार ओळींत नोंद करा. ती माहिती पोलिसांनाही उपयोगाची आहे, म्हणून पत्राची एक प्रत त्यांनाही पाठवा. समितीने हे मान्य केले नाही आणि पुन्हा दोन दिवस आधी ‘तीस माणसे पाठवा’ असा निरोप आला, तर त्या वर्षी जाऊ नये. असे एकदा घडले तर क्लब बुडत नाही.

शनिवारच्या वाचनाबद्दल वाचताना मात्र मला मनापासून वाईट वाटले. उत्सवात तुमच्या जागी दुसरे कोणी तरी उभे राहील, पण ज्या विद्यार्थ्याला धडे वाचून दाखवायला किंवा ध्वनिमुद्रित करून द्यायला तुम्ही येणार होता, त्याचा अभ्यास तुम्ही न आल्याने थांबतो. परीक्षा जवळ असेल तर दोन महिन्यांचा खंड म्हणजे जवळजवळ एका सत्राचे नुकसान. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या लेखिका हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे भरलेल्या लायन्स या सेवा संघटनेच्या अधिवेशनात दृष्टिहीनांच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले होते, आणि ते काम ही संघटना आजही करते. पोलिओच्या निर्मूलनासाठी रोटरीने १९८५ मध्ये मोहीम सुरू केली, आणि भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्च २०१४ मध्ये मिळाले. मधल्या काळात आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघरी पुन्हा पुन्हा त्याच थेंबांसाठी जात राहिले. सेवा क्लबांच्या इतिहासात जी कामे खरोखर टिकली, ती अशी खंड न पाडता केलेली आहेत.

म्हणून कार्यकारिणीत एक नियम करून घ्या. उत्सवाच्या काळातले शनिवारचे वाचक आधी ठरतील, त्यांची नावे लिहिली जातील, आणि त्यांना सोडून उरलेल्यांतूनच उत्सवाच्या पाळ्या भरल्या जातील. जे वाचक त्या दिवसांत खरोखरच येऊ शकत नसतील, त्यांनी पुढच्या धड्यांचे ध्वनिमुद्रण आधीच करून द्यावे. ते शांत खोलीत करावे, प्रत्येक धडा वेगळा ठेवावा, आणि तक्ते व आकृत्या शब्दांत समजावून सांगाव्यात. कोणते धडे आधी हवेत ते विद्यार्थ्यांनाच विचारा. बंद पडलेला उपक्रम सुरू करताना त्यांना झालेल्या खंडाचे कारण प्रामाणिकपणे सांगा आणि पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक त्यांच्या हाती द्या.

येत नसलेल्या सव्वीस सभासदांबद्दल फार कठोर होऊ नका. काम काय, किती वेळाचे आणि कोणाच्या हाताखाली, हे ठाऊक नसताना माणसे यायला कचरतात, आणि गेल्या वर्षीची हकिगत एव्हाना सर्वांच्या कानावर गेली असणार. गटावर सरसकट आवाहन करण्याऐवजी एकेकाला फोन करून एकच ठरावीक काम विचारा. ‘गुरुवारी सहा ते दहा नोंदवही सांभाळाल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर मिळते.

पैशांचा वाद या सगळ्यात सर्वांत लवकर मिटण्यासारखा आहे. लायन्सच्या नियमांत सभासदांच्या वर्गणीतून चालणारा प्रशासकीय निधी आणि लोकांकडून जमवलेला सेवानिधी वेगळा ठेवावा लागतो. लोकांकडून आलेला पैसा, तो जमवण्याचा थेट खर्च वजा करून, लोकांच्याच कामी लावायचा असतो. तुमचा क्लब कोणत्याही संघटनेशी संलग्न असो वा स्वतंत्र असो, हा नियम स्वीकारण्यासारखा आहे. स्टॉलचे साहित्य, भाडे आणि वीज हा थेट खर्च होय. जॅकेटे आणि जेवणे हा सभासदांचा खर्च होय. ज्याने स्टॉलवर पैसे दिले त्याने ते सेवेसाठी म्हणून दिले होते, तेव्हा ती रक्कम वर्गणीच्या निधीतून सेवाखात्यात परत करा, एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत करा. जॅकेटे घालणाऱ्यांनी काही चोरी केली अशा सुरात मात्र हा ठराव मांडू नका. त्यांनी खर्च केला तेव्हा क्लबकडे नियमच नव्हता. खजिनदाराने पुढच्या सभेत दोन्ही खात्यांचा हिशेब मांडावा आणि या वर्षी स्टॉलवरच जमा-खर्चाचा फलक लावावा.

राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. लोक क्लबला उत्सवामुळे ओळखतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि तरुणांनी ते झटकून टाकू नये. शनिवारच्या वाचनाला येणारे नवे वाचकही कदाचित उत्सवातल्या मदत कक्षातच भेटतील, म्हणून तिथे त्या उपक्रमाची माहिती देणारे एक पान ठेवा. सभेपुढे तुम्ही तीन स्वतंत्र ठराव ठेवावेत : प्रवेशद्वार न घेण्याचा, शनिवारला पहिला हक्क देण्याचा, आणि दोन खाती वेगळी करण्याचा. प्रत्येकावर वेगळी चर्चा आणि वेगळे मतदान घ्या. पहिल्या ठरावावर बोलण्याची विनंती अशा ज्येष्ठ सभासदाला करा, ज्याने स्वतः अनेक वर्षे दार सांभाळले आहे, आणि सभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन गर्दीविषयीची वरची माहिती त्यांना वाचून दाखवा. त्यांचे मत वळले, तर समितीकडे पत्र घेऊन जाण्याचे काम त्यांच्यावरच सोपवा. समितीतली जुनी माणसे त्यांना ओळखतात, त्यामुळे क्लब काम टाळतो आहे असा गैरसमज होण्याआधीच ते दूर करू शकतील. त्यांचे मत वळले नाही, तरी मतदान व्हावे आणि जो निर्णय होईल तो तुम्ही सचिव म्हणून लेखी कळवावा.